सातव्या चौकीचा आकडा

फरक बावीस सेंटीमीटरचा होता. एखाद्या दिवशी एकवीस, एखाद्या दिवशी तेवीस, पण बहुतेक वेळा नेमका बावीस. नोंदवहीत सातव्या चौकीच्या ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले जात. डावीकडचा आकडा पुलाच्या खांबावर बसवलेल्या सेन्सरचा. उजवीकडचा, त्याच पुलाजवळ राहणाऱ्या माणसाने खांबावरची मोजपट्टी डोळ्यांनी वाचून वायरलेसवर सांगितलेला. कित्येक वर्षं हे दोन आकडे जुळ्या भावंडांसारखे हातात हात घालून चालत आले होते. मग एका गुरुवारी उजवीकडचा आकडा बावीसने खाली उतरला, आणि खालीच राहिला. पाणी चढलं तरी बावीस, ओसरलं तरी बावीस.

आज त्याला अठ्ठ्याऐंशी दिवस झाले होते. ताईने ते मोजले होते. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

ताई म्हणजे या नियंत्रण कक्षाची प्रमुख. दारावरच्या पाटीवर 'प्रादेशिक नागरी संरक्षण आणि आपत्ती व्यवस्थापन गट' असं दोन ओळींत मावेल न मावेल एवढं नाव होतं. लोक नुसतं 'गट' म्हणत. अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. खालच्या अंगणात धुतलेले पाण्याचे पाइप वाळत टाकलेले असत, त्यांचा ओलसर रबरी वास जिन्यावरून वर येई. खोलीत सहा टेबलं, भिंतभर नदीचा नकाशा, त्यावर अकरा टाचण्या, आणि खिडकीशी वायरलेसचा सेट. नदी फुगली, वादळ आलं, रसायनाचा टँकर उलटला, की सर्वांत आधी कुणाला सांगायचं, कुणाला घराबाहेर काढायचं, कुणाला घरातच थांबवायचं, हे या खोलीत ठरे. उरलेले दिवस नोंदी, सराव आणि चहा यांत जात.

आणि हजेरीत. रोज सकाळी सात चाळीसला, पावसाच्या महिन्यांत संध्याकाळी पाच चाळीसलाही, नियंत्रण कक्ष नदीवरच्या चौक्यांना एकेक करून हाक मारी. क्रम ठरलेला होता: उगमाकडून मुखाकडे. चौकी म्हणजे काही इमारत नव्हे. नदीकाठचं एखादं घर, त्यात एक सेट आणि एक माणूस. त्याने तीन गोष्टी सांगायच्या: मीटर-सेंटीमीटरांत पाण्याची उंची, चोवीस तासांतला पाऊस, आणि आभाळ कसं आहे. त्यापुढे एक शब्द नाही.

अर्थात लोक तो एक शब्द बोलतच. ताई इथे लागली तेव्हा अकराच्या अकरा चौक्या जित्याजागत्या होत्या. एक नंबरवर डोंगरातली मेंढ्या पाळणारी बाई होती; तिचं आभाळ नेहमी 'कळेल दुपारपर्यंत' असे. पाच नंबरचा नावाडी आकडा सांगण्याआधी घसा खाकरायचा, आणि सगळी नदी त्याचं खाकरणं संपायची वाट बघायची. नऊ नंबरवर दोन सख्खे भाऊ आळीपाळीने वाचन करत. त्यांचं आपसात बोलणं बंद होतं. त्यामुळे "नियंत्रण, नऊ. एक पंचेचाळीस, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, आणि उद्या ज्याची पाळी आहे त्याने कंदील जागेवर ठेवावा," असे निरोप नियंत्रण कक्षामार्फत जात. त्या वेळचे साहेब कपाळाला हात लावत, पण निरोप पोचता करत. ते म्हणत, भांडणं मिटवणं आपल्या कामात बसत नाही, पण कंदील बसतो.

मग सेन्सर आले. आवाजाच्या चौक्या एकेक करून बंद होऊ लागल्या. कुणी म्हातारं झालं, कुणी लेकाकडे राहायला गेलं, कुणाला नुसतंच कळवण्यात आलं. नकाशावर अकरा टाचण्या होत्या तशाच राहिल्या, पण हजेरीला उत्तर देणारे चारच उरले: एक, चार, सात आणि अकरा.

सात नंबरवर ताईचे वडील होते.

ही गोष्ट गटात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलून दाखवत नसे. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी बाप-लेक एकमेकांशी बोलत होते ते असं: "सात, नियंत्रण." "नियंत्रण, सात. एक बासष्ट. पाऊस चार मिलिमीटर. आभाळ भरलेलं." "समजलं, सात." बस्स. ती बाळंतपणानंतर कामावर परतली त्या दिवशी बाबांनी आभाळाच्या नंतर एक क्षण बटण दाबून धरलं होतं. तेवढीच काय ती मोकळीक. पण त्या 'आभाळ भरलेलं'वरून तिला बाबांना सर्दी आहे की नाही, आईशी वाजलंय की नाही, रात्री झोप लागली की नाही, सगळं कळे. सुट्टीच्या दिवशीही ती घरचा छोटा सेट लावून ऐके. नवरा म्हणायचा, लोक सकाळी देवाचं नाव घेतात, तू नदीची उंची घेतेस.

त्या सोमवारी दुपारी बारा वाजता कर्नल तिच्या टेबलाशी आले. कर्नल म्हणजे तिचे दुय्यम. सैन्यात ते संदेशवहनाच्या तुकडीत साधे हवालदार होते, पण मिशा आणि बूट कर्नलचे, म्हणून नाव पडलं ते पडलं. त्यांच्या हातात एक छापील अर्ज होता.

त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की सात नंबरचा सेन्सर दोनदा खोलून साफ केला, बॅटरी बदलली, तारा तपासल्या, काही दोष सापडत नाही. पण गटाचा नियम नियम आहे: यंत्र आणि आवाज यांत पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर आवाज खरा. तेव्हा यंत्र बावीसने खाली सरकवून आवाजाशी जुळवून घ्यावं. तंत्रज्ञ उद्या सकाळी येतोय. फक्त सही हवी.

ताईने अर्ज वाचला. बाजूला ठेवला. पुन्हा वाचला.

"ताई," कर्नल म्हणाले, "रागावू नका. पण कुठंतरी पाणी मुरतंय."

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर तीन महिने गप्प होतो."

तिने अर्ज पालथा ठेवला. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या पहिल्याच तासाला तिला शिकवलं होतं, की चुका दोन जातींच्या असतात. एक विखुरणारी: हात थरथरतो, डोळा फसतो, आकडा कधी वर पडतो, कधी खाली. दुसरी ठाम: ती नेहमी एकाच बाजूला, एकाच मापाची पडते, आणि तिचा उगम डोळ्यात नसून मुळात, मोजण्याच्या शून्यात असतो. बाबांची नजर अधू झाली असती तर आकडे विखुरले असते. हे आकडे विखुरले नव्हते. कुणीतरी रोज अगदी काळजीपूर्वक, अगदी बरोबर वाचत होतं. आणि तरी ते चूक होतं.

एवढं तिला पहिल्या पंधरवड्यातच उमगलं होतं. मग ती अठ्ठ्याऐंशी दिवस गप्प का बसली? कारण तिच्या खणात आणखी एक कागद होता, दोन वर्षांपूर्वीचा. प्रादेशिक कार्यालयाचं पत्र: सातवी चौकी बंद करून तसं कळवावं, म्हणजे पलीकडच्या खांबावर दुसरा सेन्सर बसवता येईल. एकाच्या जोडीला एक अशी व्यवस्था, म्हणजे एक अडकला तर दुसरा बोलेल. पत्रावर तिने पेन्सिलीने 'विचाराधीन' लिहिलं होतं. फरकाचं मूळ शोधायला गेलं की हा कागद वर आलाच असता. दुसऱ्याच्या घरातली गळती तिला दहा कोसांवरून दिसे. इथे मात्र दिव्याखाली अंधार होता, आणि तो तिने स्वतःच नीट राखला होता.

उद्या यंत्र सरकवलं की दोन्ही आकडे जुळणार होते. दोन्ही चूक असते आणि कुणाला कधी कळलं नसतं.

"जीप आहे का खाली?" तिने विचारलं.

कर्नलनी किल्ली आधीच खिशात आणली होती.

*

घर पुलापासून चाळीस पावलांवर, नदीच्या उंच काठावर होतं. खाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, मग पाणी, आणि पायऱ्यांपासून हाताच्या अंतरावर पुलाचा दुसरा खांब आणि त्यावर पांढऱ्या-काळ्या खुणांची मोजपट्टी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दुर्बिणीने दिसायची. ताईचं लहानपण त्या खिडकीत गेलं होतं. इतर मुलांना आई-बाप घड्याळ वाचायला शिकवतात. तिला बाबांनी पट्टी वाचायला शिकवली होती. पाणी कधी स्थिर नसतं, ते सांगत. लाट वर जाते तो आकडा खोटा, खाली जाते तोही खोटा. दहा लाटा मोज आणि मधला धर. ती सहा वर्षांची होती. शाळेत बाईंनी विचारलं, सर्वांत खरं कोण बोलतं? बाकीच्यांनी राजे आणि साधू सांगितले. ती म्हणाली, मधला.

ती अकरा वर्षांची असताना मोठा पूर आला होता. तेव्हा खांबावर तरंगत्या डब्याचं जुनं यंत्र होतं. वाहून आलेल्या ओंडक्यात ते अडकलं आणि तीन मीटर दहावर थांबून राहिलं. गावभर सगळे निर्धास्त. बाबा मात्र खिडकीत बसून चढते आकडे ओरडत होते, आणि गटाच्या साहेबांनी यंत्राला बाजूला सारून त्यांचा आवाज खरा मानला. खालच्या आळीतली एकोणीस घरं पाणी शिरायच्या आत रिकामी झाली. आळीतल्या बायका, मुलं, कोंबड्या, एक शिवणयंत्र, सगळे या घराच्या वरच्या मजल्यावर दोन दिवस होते. आई मोठ्या पातेल्यात चहा करत होती आणि साखर संपल्यावर नुसतं गरम पाणी देऊन "चहाच समजा" म्हणत होती. 'आवाज खरा' हा नियम त्यानंतर झाला. म्हणजे एका अर्थी तो नियमच बाबांचा होता.

बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. जीप थांबल्याबरोबर म्हणाले, "गटाची जीप. दुसरा गिअर अजून कुरकुरतोय. कोण?"

"मी, बाबा."

"सोमवारी? नदीला काही झालं का तुझ्या?"

ती म्हणाली, सेन्सर तपासायला आले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. बाबा हसले. बोलताना ते तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या डाव्या कानाच्या जरा पलीकडे बघत होते. तिने एक पाऊल डावीकडे टाकलं, तर त्यांची नजर आणखी डावीकडे सरकली. मधोमध जे असेल ते त्यांना दिसत नव्हतं. कडेचं तेवढं दिसत होतं.  महिन्यातून एकदा ती रविवारी येत असे, जेवत असे, जात असे. तेव्हा ते नेहमी खिडकीकडे तोंड करून बसलेले असत. ही त्यांची जुनी सवय, असं तिने धरून चाललं होतं.

चहा झाला. बाबांनी नऊ नंबरच्या भावांची गोष्ट काढली. त्यांतला थोरला गेला तेव्हा धाकटा सेटवर आला आणि आकडा सांगितल्यावर म्हणाला, कंदील जागेवर आहे. सगळ्या चौक्या गप्प झाल्या. साहेबांनी नोंदवहीत तेवढं वाक्य जसंच्या तसं लिहायला लावलं. "लिहिलं होतं मीच," ताई म्हणाली. बाबा म्हणाले, त्यांना वाटलंच होतं; तिच्या 'समजलं, नऊ'ला त्या दिवशी जरा उशीर झाला होता.

मग तिने पिशवीतून गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी काढली. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीवर उभं राहतं; त्याहून सरळ साधन जगात नाही. पुलाच्या भिंतीच्या दगडात जुन्या मोजणीवाल्यांनी उंचीची खूण कोरलेली होती. एक टोक तिथे, दुसरं पट्टीवरच्या खुणेशी. पण त्याला दोन माणसं लागतात.

"मी येते," आई म्हणाली, आणि पदर खोचून निघाली.

आई त्र्याहत्तर वर्षांची होती. उभ्या जन्मात ती नदीवर फारशी उतरली नव्हती. ओल तिला सोसत नसे, आणि हे घर तिला कधीच आवडलं नव्हतं. आता ती पुढे झाली आणि न बघता पायऱ्या उतरू लागली. "चौथी डुगडुगते, उजव्या अंगाने ये," ती मागे न वळता म्हणाली. "सातवीवर शेवाळ आहे. तिथे भिंतीला धर, भिंत बरी आहे."

ताई चौथ्या पायरीवर उभी राहिली.

"आई, तुला काय माहीत?"

आई खाली पाण्याशी पोचली होती. तिने नळीचं टोक मागून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, "दुर्बीण माझ्या हातात ठरत नाही. हात कापतात. म्हणून उतरून वाचते. दहा लाटा मोजते, मधला धरते. यांनी शिकवलं."

"कधीपासून?"

"तीन महिने होतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"यांनी सांगितलं होतं, नियंत्रणाला कळता कामा नये." आईने नळी पट्टीच्या कडेला लावली आणि डोळे बारीक केले. "माझ्या मुलीला सांगितलं असतं गं मी. पण तू रोज सकाळी नियंत्रण असतेस."

त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं. मोजपट्टी असायला हवी त्यापेक्षा बावीस सेंटीमीटर वर ठोकलेली होती. म्हणजे ती पाणी तेवढंच कमी दाखवत होती. आईने एकही आकडा चुकीचा वाचला नव्हता. ताईला गेल्या महिन्यातली एक सकाळ आठवली: तीन पंधरा, पाऊस एकसष्ट, आभाळ काळं. पायऱ्या मोजत तिने हिशेब केला. त्या सकाळी पाचवीपर्यंत पाणी असणार. आई डुगडुगत्या चौथीवर उभी असणार. आणि वर खोलीत, कोरड्या खुर्चीत बसून, ताई म्हणाली होती, समजलं, सात.

*

बाबांना सांगायला वेळ लागला नाही. त्यांनी एकदाच विचारलं, "बावीस?"

नंतर ते हळूहळू बोलले. एकोणीस वर्षांपूर्वी पुलाचा खांब दुरुस्त केला तेव्हा गवंड्याने पट्टी काढून पुन्हा ठोकली, ती वर ठोकली. त्यांनी त्याच दिवशी कळवलं होतं. वरून उत्तर आलं, पुढच्या उन्हाळ्यात बघू. तो उन्हाळा काही आला नाही. पहिले दोन-तीन महिने ते बावीस मिळवून सांगत. पुढे मिळवायची गरजच राहिली नाही. पट्टीकडे बघितलं की बरोबर आकडाच दिसायचा. सेन्सर बसवला तोही त्यांच्याच आकड्यावरून लावला. बेरीज त्यांच्या डोळ्यात मुरली होती. डोक्यातून ती कधीच गेली होती. आणि डोळा गेला तेव्हा, सोबत काय गेलं याचा त्यांना पत्ताच लागला नाही. आई आकडा सांगायची, ते तो पुढे द्यायचे.

"पाणी पिसाळलं की इथे तासाला तीस सेंटीमीटर चढतं," ते म्हणाले. "बावीस म्हणजे किती झाले?"

ताई मनात हिशेब करू लागली.

"चव्वेचाळीस मिनिटं," त्यांनीच सांगितलं. "खालची आळी रिकामी करायला मागच्या सरावात किती लागली होती?"

"पन्नास."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे सहा मिनिटं ठेवली होती मी त्यांना."

ताईने तेव्हा निघताना खणातून घेतलेलं पत्र पिशवीतून काढलं. ते वाचून दाखवताना तिचा आवाज नोंदवही वाचतानाचा होता. दुसरा कोणता तिला त्या क्षणी सापडला नाही. दुसरा सेन्सर दोन वर्षांपूर्वीच मंजूर झालेला होता. चौकी चालू होती म्हणून तो आलेला नव्हता.

"दोन वर्षं," बाबा म्हणाले. "माझ्यासाठी थांबलीस?"

"तुमच्यासाठी नाही, बाबा." तिने कागदाची घडी केली. "माझी सकाळ तिथून सुरू होते."

आई इतका वेळ दाराशी ओल्या वहाणा काढत होती. ती आत येऊन म्हणाली, एवढं काय धरून बसलात दोघं? बावीस मिळवायचे, एवढंच ना? ती मिळवेल. बेरीज येते तिला. घरखर्च काय नदीने चालवला होता? उद्यापासून बरोबर आकडा जाईल. पट्टीही नीट ठोकून घ्या. झालं की.

बाबांचा चेहरा उजळला. तो उजळलेला ताईने बघितला, आणि स्वतःच्या आतही काहीतरी तसंच उजळल्याचं तिला जाणवलं. खरंच की. किती सोपं होतं. अर्ज फाडायचा, पट्टी उतरवून खाली ठोकायची, पत्रावरचं 'विचाराधीन' तसंच ठेवायचं. चूक सापडली, दुरुस्त झाली. यात कोणाचं काय बिघडलं? उद्या सात चाळीसला पुन्हा 'नियंत्रण, सात'. परवाही. निदान हा पावसाळा. मग पुढच्या उन्हाळ्यात बघू.

पुढच्या उन्हाळ्यात. हे शब्द आत्ताच कुणीतरी उच्चारले होते.

तिने आईच्या वहाणांकडे पाहिलं. टाचेपाशी त्या एका बाजूला झिजल्या होत्या, आणि त्या बाजूला हिरवट गाळ बसला होता. आईच्या लुगड्याची कड घोट्याच्या वर वीतभर भिजली होती, आणि आज तर नदी उतरलेली होती.

पाच चाळीस झाले. खिडकीशी फळीवरचा सेट खरखरला, आणि कर्नलचा आवाज आला. ताईने इतकी वर्षं हजेरी घेतली होती. लहानपणानंतर या टोकाला बसून ती ऐकली नव्हती. इथून ती निराळीच वाटली. हाक डोंगरातून निघाली: "एक, नियंत्रण." एक नंबरवर आता त्या मेंढीवालीची सून होती, तिचं आभाळ 'बरं' होतं. "दोन," कर्नलनी म्हटलं नाही. तीन म्हटलं नाही. त्या जागी एकेक श्वास सोडला. बंद चौक्यांसाठी ते तेवढे थांबत, हे ताईच्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण ती स्वतःही तशीच थांबत असे. चार नंबर बोलला. पुन्हा दोन श्वास: पाच. सहा.

"सात, नियंत्रण."

बाबांनी सवयीने माइक उचलला. आई त्यांच्या खांद्याशी वाकली, आकडा सांगायला. ओठांवर तो तयार होता, मिळवलेला, बरोबर.

"बाबा," ताई म्हणाली, "मला द्या."

ते थांबले. माइक त्यांच्या हातात होता आणि बोट बटणावर होतं, पण दाबलेलं नव्हतं. त्यांनी मान वळवली. तिच्या डाव्या कानाच्या पलीकडे, म्हणजे आता तिला कळलं होतं तसं, नीट तिच्याकडेच बघितलं.

"सात, नियंत्रण," कर्नलनी पुन्हा हाक दिली. आवाजात काळजी होती.

"कागद पाठवणार होतीस?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"बरं केलंस. कागदाने बंद झालेल्यांना वाटतं, आपलं काही चुकलं." त्यांनी माइक तिच्या हातात ठेवला, तो त्यांच्या तळव्याने गरम झालेला होता. "दाबल्यावर एक क्षण थांब. नाहीतर पहिला शब्द तुटतो या सेटवर."

आई सरळ झाली. ती बाबांच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

ताईने बटण दाबलं. एक क्षण थांबली. नदीच्या वरच्या टोकाला एक, मध्ये चार, समुद्राकडे अकरा, आणि त्या खोलीत खिडकीशी कर्नल, सगळे ऐकत होते.

"नियंत्रण, सात," ती म्हणाली. पलीकडे कर्नलनी आवाज ओळखला असणार. खरखर एकदम थांबली. "एक अठ्ठेचाळीस. पाऊस नाही. आभाळ स्वच्छ. सेन्सर बरोबर आहे, त्याला हात लावू नका. आणि नोंद करा, कर्नल, माझ्या नावाने: सातवी चौकी आजच्या वाचनानंतर बंद."